सहा बस, एक नाव

२० जुलै, रविवार

नवी डायरी आहे, तेव्हा तिला आधी ओळख करून देते. मी विशाखा, मूळची लांज्याची, बी.कॉम. बहारीनमध्ये हे माझं नववं वर्ष. राहायला जिदहफ्स, नोकरी सित्रात. आमची कंपनी एका प्लांटला माणसं पुरवते, वेल्डर, फिटर, स्कॅफोल्डिंगवाले. पहाटे सहा बस भरून जातात. बसमधल्या प्रत्येकाचा गेटपास आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत प्लांटच्या साइटवर भरावा लागतो, नाहीतर माणूस गेटबाहेर. हे भरायला आमच्या खोलीत सहा टाळकी आहेत आणि प्रत्येकाला आपापली बस नेमून दिलेली आहे. माझी पाच नंबर. बसमधल्या माणसांना माझं नाव ठाऊक नाही, ती मला 'पाच नंबरवाली बाई' म्हणतात.

आता मुद्द्याचं. रोज तीच नावं, तेच नंबर, तेच बटण. माझा जीव विटला होता. सहा महिने व्हिडिओ बघून बघून मी एक प्रोग्राम लिहिला. तो स्वतःच ब्राउझर उघडतो, साइटवर जातो, यादीतली नावं भरतो, बटण दाबतो. आजपासून तो मी हेडलेस चालवायला लागले. म्हणजे ब्राउझर चालतो पण पडद्यावर खिडकी उघडत नाही. सगळं आतल्या आत. शेवटी एवढंच लिहून येतं की इतके पास झाले. माझी पाच नंबरची बस चहा संपायच्या आत भरून झाली!

आमच्या खोलीचे मुख्य जमालुद्दीन चाचा. खेडकडचे. तीन नंबरची बस त्यांची. ते एकेक नाव पुटपुटत भरतात, अजूनही. माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"बाय, पडदा काळा का?"

"काम चाललंय, चाचा."

"कुठं?"

"आत."

"आत चालतंय ते वर दिसू दे की. खिडकी उघडी ठेव. साहेब येतो-जातो."

"साहेबाला काम हवंय की सिनेमा?" मी म्हटलं. दोन नंबरवाली नुसरत फिसकन हसली. चाचा हसले नाहीत. माणूस चांगला आहे, पण नवीन काही दिसलं की घाबरतो.

२२ जुलै, मंगळवार

आज मुद्दाम कोथिंबीर नेली. जिदहफ्सच्या बाजारातली, मुळासकट, मातीसकट. प्रोग्राम चालू केला आणि टेबलावर पेपर पसरून निवडत बसले. काम होतंय ना? मग मी उगाच कीबोर्डवर हात हलवत का बसू? कष्ट दिसले म्हणजेच कष्ट, हे मला मान्य नाही. गावी सासूबाईंचंही हेच, मी बसलेली दिसले की त्यांना भांडी आठवायची.

मॅनेजर साहेब दारातून डोकावले. चाचांनी पटकन एक फाइल आणून माझ्या कोथिंबिरीवर ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "ये भी चेक करो." साहेब गेल्यावर मी फाइल उचलून परत त्यांच्या टेबलावर ठेवली. कोथिंबीर चेंगरली ती चेंगरलीच.

"चाचा, मी चोरी करत नाहीये."

"चोरी नाही गो. रिकामं दिसू नये माणसानं. परदेशात तर नाहीच."

भित्रेपणा, दुसरं काय.

२३ जुलै, बुधवार

चाचांचा दात दुखत होता, दुपारीच डेंटिस्टकडे गेले. जाताना नुसरतला म्हणाले, माझी बस तू भर. नुसरतच्या हातात तिची दोन नंबरची होतीच. मी म्हटलं, दे इकडे, चाचांची बस माझा प्रोग्राम भरेल. उद्या येऊन बघतील तेव्हा कळेल त्यांना.

त्यांच्या बससाठी एक वेगळा, कोरा ब्राउझर चालवला. पुढेमागे सहाही बस एकदम चालवायच्या तर प्रत्येकीला स्वतंत्र ब्राउझर लागणारच. आला की निकाल, सगळे पास झाले. नुसरतने माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मला फार बरं वाटलं.

२४ जुलै, गुरुवार

तीन नंबरची बस गेटवर अडवली. एकाचाही पास नाही.

पहिला फोन मलाच आला, दत्तारामचा. दत्ताराम आमच्याच गावचा, स्कॅफोल्डिंगला आहे, तीन नंबरमधला. "वहिनी, गेटवाला पास मफी म्हणतोय, नाहीतच म्हणे. बसचा एसी बंद केलाय ड्रायव्हरनं, सगळे खाली उतरलोय." मागून कुणीतरी ओरडत होतं. जुलैतली सकाळ, ते दमट ऊन, आणि त्या रस्त्याला सावली नाही हे मला माहीत आहे. मी काय बोलले आठवत नाही.

चाचा गाल सुजलेलाच घेऊन आले, प्लांटच्या माणसाला फोनवर विनवून साइट पुन्हा उघडून घेतली आणि उभ्याउभ्या एकेक पास परत भरायला लागले. बस आत जाईपर्यंत दोघांना चक्कर आली होती, त्यातल्या एकाला सलाइन लावलं. दत्ताराम नव्हे. पण त्याने काय फरक पडतो? दुसऱ्या कुणाचातरी दत्तारामच तो.

साहेब आले. चाचा म्हणाले, "सर, मेरी गलती. दाँत का दर्द था, भूल गया." मी तोंड उघडलं तर चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं. साहेब त्यांना सगळ्यांसमोर बोलले. वयाने त्यांच्या मुलासारखा असेल तो.

घरी आले ते न जेवता झोपले. स्वरूपने, म्हणजे नवऱ्याने, वरणभात झाकून ठेवला. एसी दुरुस्त करत दिवसभर तोही उन्हातच असतो, त्याला काय सांगणार.

२५ जुलै, शुक्रवार

सापडलं.

घरच्या लॅपटॉपवर तोच कोरा ब्राउझर खिडकी उघडून चालवला आणि बघत बसले. साइट अरबीत उघडली! ऑफिसच्या माझ्या ब्राउझरला कुणीतरी कधीकाळी इंग्रजी सांगून ठेवलेलं आहे, त्याच्या ते लक्षात आहे. कोऱ्याला काहीच लक्षात नसतं. त्याला साइट आपली अरबी देते. आणि अरबी पान उजवीकडून डावीकडे जातं, म्हणजे सगळी मांडणी उलटी. इंग्रजीत खाली उजवीकडे 'जमा करा' असतं आणि डावीकडे 'रद्द'. अरबीत रद्द उजवीकडे. मी शहाणीने प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं की उजवीकडचं बटण दाब. त्याने दाबलं. प्रत्येक नाव नीट भरलं आणि प्रत्येक नाव रद्द केलं, आणि किती वेळा बटण दाबलं ते मोजून मला सांगितलं की झालं.

नऊ वर्षं या देशात अरबी पाट्या बघतेय. बाब अल बहरीनच्या बाजारातल्या सोनाराचं बिलसुद्धा उजवीकडून वाचायचं हे मला कळतं. आणि हे नाही सुचलं.

खिडकी उघडी असती तर कुणीही बघून थांबवलं असतं, हे मला आता कळतंय. पण म्हणून हेडलेस वाईट का? नाही. चूक माझी, त्याची नाही. बटण जागेवरून नाही, नावावरून शोधायचं. भाषा आधी सांगायची. आणि दाबलं म्हणजे झालं असं न मानता पासचा नंबर आला का ते बघायचं. तिन्ही गोष्टी दुरुस्त केल्या. मी हे सोडणार नाही. एकदा पडले म्हणून चालायचं थांबू?

२७ जुलै, रविवार

साहेबांना खरं सांगितलं.

चाचांनी दारात अडवलं होतं. "बाय, माझं नाव लागलंय ते लागू दे. माझी राहिली किती वर्षं? तू गप बस."

"दुसऱ्याच्या नावावर मी माझी चूक ठेवणार नाही."

"चूक सांग गो. ते दुसरं नको सांगू."

"दुसरं काय?"

उत्तराला थांबले नाही. मी आत गेले. चूक सांगितली, कारण सांगितलं, दुरुस्ती सांगितली आणि प्रोग्राम कसा चालतो तेही दाखवलं. साहेब आधी भडकले, मग खुर्ची पुढे ओढून बघायला लागले. म्हणाले, सगळं रिपोर्टमध्ये लिहून द्या. संध्याकाळी बसून झकास इंग्रजीत दोन पानं लिहून दिली. चाचांचं नाव साफ झालं. इतकं हलकं वाटतंय म्हणून सांगू!

२९ जुलै, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. माझ्यासाठी! रिपोर्ट हेड ऑफिसला गेला, तिथे खूश आहेत.

"विशाखाजी, पहले ये काम कितने लोग करते थे?"

"छह."

"और अब?"

"अब तो मैं अकेली भी कर सकती हूँ," मी म्हटलं. का म्हणू नये? खरंच आहे ते. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला काय येतं.

घरी येऊन स्वरूपला शब्दन् शब्द सांगितला. त्याचा घास हातातच राहिला. "त्यांनी विचारलं आणि तू असंच सांगितलंस?"

"असंच म्हणजे?"

"काही नाही. भात वाढ." वाढला तर खाल्लाच नाही. बायकोचं कौतुक पचायला जड जातं भल्याभल्यांना.

३ ऑगस्ट, रविवार

केक आला. माझं नाव घालून, स्पेलिंग चुकीचं, पण आला. एचआरची मुलगीही आली होती. तिने खोलीतल्या सगळ्यांचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं ते विचारून घेतलं. म्हणजे बहुतेक यंदा सगळ्यांची पगारवाढ एकदमच करणार. माझ्यामुळे. कुणी आभार मानले नाहीत, ते सोडा. नुसरतने तर केकला हात लावला नाही, म्हणे गोड नको. श्रीवर्धनची बाई आणि गोड नको?

चाचांनी निघताना त्यांची इलेक्ट्रिक किटली मला देऊन टाकली. "घरी ने. मला आता काय लागणार." नवी घेतली असेल. ही चांगली आहे, उगाच टाकाऊ करून ठेवतात माणसं.

७ ऑगस्ट, गुरुवार

सहाही बस आता माझ्याच टेबलावरून भरतात. एकाच वेळी, सहा ब्राउझर, एकही खिडकी नाही. बाकीच्यांची लॉगिन सुरक्षेसाठी बंद केली, असं साहेब म्हणाले. खोली एकदम शांत असते. चाचा पेपर वाचतात, केरळचे दोघं फोनवर असतात, नेपाळचा पोरगा खिडकीतून पार्किंग बघतो. मी म्हटलं, बघा, सगळ्यांना आराम दिला की नाही! कुणी हसलं नाही. चाचांना रिकामं बसलेलं बघून आज मलाच कसंतरी झालं. त्यांच्यापुढे एखादी फाइल ठेवावी असं वाटलं.

११ ऑगस्ट, सोमवार

लिहायचं जिवावर आलंय, पण लिहिणार.

डबा खायला बसलो तेव्हा नुसरतला सहज विचारलं, ऑक्टोबरच्या सुट्टीत आपण दोघी मिळून तिकीट काढायचं का. ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुला खरंच ठाव नाय?"

"काय?"

"आमची पाचांची कॉन्ट्रॅक्टं महिनाअखेरीला खलास गो. तू तेवढी राहणार. मला वाटलं तूच सांगितलंस त्यांना, एकटीला जमतं म्हणून."

सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं. चहा पीत पीत.

नुसरतचा भाऊ ती व्हिसा काढून देईल या आशेवर लग्न ठरवून बसलाय. चाचांच्या मुलीचं, तस्नीमचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी आहे. नेपाळच्या पोराचं तर मला धड काहीच माहीत नाही, नऊ महिने शेजारी बसतो तो. मी डबा तसाच बंद केला.

चाचांकडे गेले. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. खिडकी उघडी ठेव म्हटलं."

"हे असं सांगतात?"

"तू ऐकतेस कुणाचं?" ते म्हणाले. आणि हसले चक्क. त्या हसण्याने मला जास्त रडू आलं. राग आला, त्यांचा, साहेबांचा आणि सगळ्यात जास्त माझा. तोंड धुऊन आले आणि ठरवलं, रडून काय होणार. उद्या केबिन.

१२ ऑगस्ट, मंगळवार

साहेब म्हणाले, यात तुमचं काय नुकसान आहे? तुमची तर बढती आहे. मी म्हटलं, मी प्रोग्राम काम सोपं करायला लिहिला, माणसं काढायला नाही. ते म्हणाले, प्रोग्राम कंपनीच्या वेळेत लिहिलाय, तो कंपनीचा आहे. मी म्हटलं, घरी लिहिलाय, कांदे परतता परतता. त्यावर ते हसले. त्यांचं म्हणणं चूक आहे असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही मला. काम एका माणसाचं असेल तर सहा जणांना कोण ठेवणार? पण मग काम खरंच एका माणसाचं आहे का? हे मात्र कुणी तपासलेलं नाही. माझी बढाई हाच काय तो पुरावा.

शेवटी जाताजाता म्हणाले, त्या दिवशी बस अडकल्यापासून प्लांटने नवा नियम केलाय. उद्यापासून प्रत्येक बसच्या पासखाली तपासणाऱ्याचं नाव लागेल. पास चुकला तर तो जबाबदार. "छहों बस में आपका नाम डाल देना."

मी बाहेर आले. जिन्यात उभी राहून विचार करत होते, तेवढ्यात एकदम डोक्यात लख्ख झालं. स्वरूपला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आपलाही व्हिसा आहे हं, विशू." मग म्हणाला, "बघ. पण मागाहून रडायचं नाही."

१३ ऑगस्ट, बुधवार

प्रोग्रामने सहाही बस भरून ठेवल्या. जमा करण्याआधी साइट तपासणाऱ्याचं नाव मागते, तिथे थांबवला. मग पाच नंबरची बस काढली आणि एकेक नाव वाचलं. फोरमनला फोन करून विचारलं की उद्या कोण आजारी, कोण सुट्टीवर, कोण दुसऱ्या शिफ्टला गेलाय. दोघांची नावं बदलावी लागली. हे रोज फोनवर कळतं, प्रोग्रामला कळत नाही. इतका वेळ गेला की माझा मलाच विश्वास बसेना. एवढं करून पाच नंबरखाली माझं नाव घातलं. बाकीच्या पाच कोऱ्या ठेवल्या.

चारला साहेब आले. "बाकी?"

"बाकी मैंने देखे नहीं, सर."

"तो देख लो."

"एक जण पाचच्या आत सहा बस बघू शकत नाही. आणि न बघता मी नाव घालणार नाही. न बघता काय होतं ते जुलैत आपण बघितलंय. तेव्हा मी बघितलं नव्हतं." हे हिंदीत बोलले, बरंचसं मोडकंतोडकं, पण आवाज नाही मोडला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. उद्या बस अडकल्या तर जबाबदार तुम्ही, म्हणाले. मी म्हटलं, माणसं इथेच बसलीयत, लॉगिन उघडा, कुणी अडकणार नाही. ते नुसरतकडे वळले. तुम्ही नाव घाला, तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं बघतो मी.

नुसरतने मान खाली घातली. मला वाटलं, झालं. तिला मी दोष दिला नसता. पण ती म्हणाली, "सर, मैं दो नंबर की बस जानती हूँ. दो की दूँगी. बाकी मेरे को नहीं पता." नेपाळच्या पोराला न विचारताच तो म्हणाला, "मेरा छे नंबर." केरळवाल्यांनी फक्त आपल्या बसचा नंबर सांगितला. चाचा तर आधीच चष्मा पुसत बसले होते.

साहेब केबिनमध्ये गेले. घड्याळाकडे कुणीच बघत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर गेटबाहेरचा तो रस्ता होता आणि दत्तारामचा आवाज. इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही. लॉगिन उघडली नसती तर शेवटच्या पाच मिनिटांत मी सहाही बसखाली माझं नाव घातलं असतं. बहुतेक घातलंच असतं. साहेबांना ते कळलं नाही, एवढंच माझं नशीब.

अखेर साहेबांनी पाचांची लॉगिन उघडली. मग जी काय गडबड उडाली! पाच फोन, पाच फोरमन, चाचांचं पुटपुटणं, नुसरत कुणाला तरी ओरडतेय, "अरे रमजान दोन आहेत, कुठला रमजान?" पाचच्या ठोक्याला शेवटची बस गेली. नेपाळच्या पोराने टेबलावर हात आपटला. त्याचं नाव धनबहादूर. आज विचारलं.

हे किती दिवस टिकेल माहीत नाही. साहेबांनी निरोप पाठवलाय, उद्या दहा वाजता मी केबिनमध्ये यायचं. एचआरही येणार आहे. काय ऐकवणार ते दिसतंच आहे.

निघताना चाचा म्हणाले, "एकटी जायचं नाही. आम्ही येतो."

"सगळे?" मी म्हटलं. "केबिनमध्ये खुर्च्या दोनच आहेत, चाचा."

नुसरत बुरखा सारखा करत म्हणाली, "मग उभे राहू की."